नव्वदची गाणी, दोन्ही बाजूंनी

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची तर ती पळवता येत नाही. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं आवाज वाचणाऱ्या हेडवरून सरकते आणि तेवढा वेळ आपण तिथं कान देऊन बसायचं. फोनवर गाणं ऐकताना मुखडा झाला की बोट पुढं जातं. इथं बोट चालत नाही. दादाच्या नव्वदच्या दशकातल्या कॅसेट्स मी गेल्या पावसाळ्यात अशा एकेक करून उतरवल्या. त्या काळातल्या हिट गाण्यांबद्दल माझी मतं या कामातच पक्की झाली, म्हणून काम आणि मतं दोन्ही एकत्रच सांगते.

आधी कॅसेट्सची अवस्था. आमचं जुनं घर सांगलीत, मारुती चौकाजवळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आत आलं तेव्हा आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं, तेव्हा ५७ म्हणजे काय ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. माळ्यावरचं खोकं वाचलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या कॅसेट्स गाळात गेल्या. घर धुताना सगळं रस्त्यावर काढून टाकायचं चाललेलं, पण आईनं त्या फेकू दिल्या नाहीत. "त्याचा जीव होता त्यांच्यावर," एवढंच म्हणाली आणि पुसून डब्यात भरून ठेवल्या. दादा तेव्हापासून परगावीच आहे. डबा माझ्याकडे आला.

गाळ शिरलेली कॅसेट तशीच लावली तर फीत खरवडून निघते आणि हेडही जातं. त्यामुळे आधी उघडायची. काही कॅसेट्सना पाच बारके स्क्रू असतात, त्या सोप्या. काहींचं कवच चिकटवलेलं असतं, तिथं सांध्यातून पातळ पातं हळूहळू फिरवावं लागतं. आतली दोन चाकं फितीसकट उचलायची, फीत एका चाकावरून दुसऱ्यावर घेताना डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्यातून ओढायची, मग सावलीत पंख्याखाली वाळवायची. ड्रायर अजिबात लावायचा नाही, उष्णतेनं फीत ताणली जाते. वाळली की दुसऱ्या चांगल्या कवचात बसवायची आणि हेडसमोर फीत दाबून धरणारा फेल्टचा तुकडा जागेवर आहे ना बघायचं. तो पडला असेल तर आवाज घोगरा आणि लांबून आल्यासारखा येतो, आणि माणूस उगाच फितीला दोष देत बसतो.

डेक जुन्या बाजारातला. पट्टा वितळून चिकट झालेला, तो मिरजेच्या एका दुरुस्तीवाल्यांनी बदलून दिला. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले, कापूस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत. तिथून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, आणि रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी, जे फुकट मिळतं. पातळी अशी ठेवायची की सगळ्यात मोठा आवाजसुद्धा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. एक गोष्ट मात्र प्रत्येक कॅसेटला नव्यानं करावी लागते. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो किंचित फिरवला की हेडचा कोन बदलतो. झांज, घुंगरू, 'स' आणि 'श' स्वच्छ ऐकू यायला लागले की थांबायचं. ज्या मशीनवर ती कॅसेट भरली गेली त्याच्या कोनाशी आपला कोन जुळला, असा त्याचा अर्थ. हा स्क्रू जुळला त्या क्षणी कितीतरी गाणी माझ्यासमोर पहिल्यांदा उघडली.

कंपनीच्या कॅसेट्स निम्म्याच. उरलेल्या भरून घेतलेल्या. आपण वहीच्या कागदावर यादी द्यायची, बसस्टँडजवळचा दुकानदार कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा आणि आतल्या कार्डावर सुबक अक्षरात नावं लिहायचा. बाजू संपत आली की गाणं जिथं असेल तिथं तुटायचं. आमच्या घरात ती गाणी तेवढीच होती. आजही त्यातलं एखादं गाणं पूर्ण लागलं की ठरलेल्या शब्दाशी मी थांबते.

या भरलेल्या कॅसेट्सचा खरा घोळ वेगाचा. दुकानदाराचं मशीन जरा हळू चाललं असेल तर आपल्याकडे गाणं चढं वाजतं. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की गाणं अर्ध्या सुरानं वर किंवा खाली जातं. मला ते जाणवत होतं, पण नक्की किती हे कळत नव्हतं. म्हणून मैत्रिणीच्या वडिलांकडे, मिरजेला गेले. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. या चाचांचं सगळं आयुष्य तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावण्यात गेलेलं. त्यांनी पॉपच्या कॅसेटला नाक मुरडलं नाही. लॅपटॉपला स्पीकर लावला, जवळचा तंबोरा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "लाव बेटा, बघू कुठं आहे ते."

पहिलं गाणं दहा सेकंद ऐकलं असेल नसेल. "ही वर चढलीय. काळी एकमधलं गाणं असेल तर तुझ्याकडं पांढरी दोन वाजतीय. उतरव." पेटीवरच्या या शेजारच्या पट्ट्या, म्हणजे फरक अर्ध्या सुराचा. मग मूळ गाणं फोनवर लावून ताडून बघितलं, आणि ऑडॅसिटीत वेग तेवढा खाली आणला. गायिकेचा आवाज एकदम वयात आला. आधी तिचा आवाज पोरकट आणि घाईत वाटायचा, तो तिचा नव्हताच. पुढं बरेच दिवस हे असं चाललं. मी सांगलीहून पेनड्राइव्ह घेऊन जायची, चाचा एकेका गाण्याचा सूर सांगायचे, आणि मध्येच, मी न विचारता, गाण्याबद्दलही बोलायचे.

आता गाण्यांबद्दल. 'हिट' कशाला म्हणायचं हा प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता. अमीन सायानींची रेडिओवरची गीतमाला दुकानांतला खप आणि श्रोता संघांची पसंती धरून क्रमवारी लावायची. १९९३ च्या वर्षअखेरच्या क्रमवारीत 'चोली के पीछे' पहिलं होतं, आणि सांगलीत त्यावर भांडलेल्या घरांमध्ये आमचंही घर होतं. पण सिनेमाबाहेरची गाणी तिथं बसत नव्हती. ती आली केबलवरून. चॅनल व्ही १९९४ मध्ये आलं, एमटीव्ही १९९६ मध्ये भारतात परत आलं, आणि मॅग्नासाउंडसारख्या कंपन्यांनी सिनेमाशिवाय गायक उभे केले. सिनेमा नाही म्हणजे गोष्ट नाही, नायिका नाही. ती जागा व्हिडिओनं भरली. म्हणून इंडिपॉप आपल्याला डोळ्यांनी लक्षात आहे. कॅसेटवर डोळ्यांना काही काम नाही. माझं सगळं म्हणणं इथंच आहे. चित्र काढून घेतलं तर जी गाणी उभी राहतात तीच त्या दशकाची खरी हिट, आणि ती नेहमीच्या याद्यांमधल्या वरच्या नावांपेक्षा वेगळी आहेत.

'मेड इन इंडिया'पासून सुरुवात करते, कारण सगळे तिथूनच करतात. १९९५, अलिशा चिनॉय, संगीत बिद्दूंचं. याच माणसानं त्याआधी नाझिया हसनला 'आप जैसा कोई' दिलं होतं आणि १९७४ मध्ये कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' जगभर गाजवलं होतं. त्यामुळे मुखडा कानात अडकवायचं त्याचं तंत्र पक्कं. रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ की पुराच्या पाण्यातून निघालेल्या फितीवरही बास जागच्या जागी उभा होता. अलिशाचा आवाज ठाम आहे, लाडिक नाही, आणि त्या काळात मुलीनं आपल्याला कोण हवं ते असं मोठ्यानं गाणं ही मोठी गोष्ट होती. मी तेव्हा शाळेत होते आणि मला ते आतून पटलं होतं. तरी व्हिडिओतला मिलिंद सोमण डोळ्यांसमोरून हलवला की कळतं, गाण्याचं सगळं बळ मुखड्यात आहे. अंतरा नुसता परत मुखड्याकडं पोचवण्यापुरता येतो. माझ्या यादीत ते मधे कुठंतरी बसतं, आणि मी त्या जागेवर ठाम आहे.

बाबा सेहगलच्या 'ठंडा ठंडा पानी'चा, १९९२ चा, हिंदी रॅप घरोघरी नेण्याचा मान कुणी काढून घेऊ नये. पण ज्या बासच्या सुरावटीवर ते उभं आहे ती क्वीन आणि डेव्हिड बोवी यांची, व्हॅनिला आइसमार्गे आलेली. ते एकदा कानाला कळलं की बाकी फारसं उरत नाही.

दलेर मेहंदीचं मात्र उलटं झालं. 'बोलो ता रा रा' १९९५ चं. आम्ही ते लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत ऐकलं, म्हणजे फाटक्या कर्ण्यांवर ऐकलं. तिथं फक्त ढोल आणि आरडाओरडा पोचतो. हेडचा कोन जुळवून, वेग उतरवून शांतपणे ऐकलं तेव्हा चाचांनी हात वर केला आणि बाजू संपेपर्यंत खाली घेतला नाही. "तालीम आहे याच्या गळ्यात. वरच्या सुरावर जातो आणि तिथं उभा राहतो. हे उभं राहणं शिकावं लागतं." 'तुनक तुनक तुन' १९९८ चं. दलेरची गाणी व्हिडिओतल्या मॉडेल्समुळे चालतात अशी टीका झाल्यावर त्यानं त्या व्हिडिओत स्वतःलाच चार रूपांत नाचवलं. माझ्या मते त्याला ते सिद्ध करायची गरज नव्हती. टीका करणाऱ्यांनी कॅसेट ऐकायला हवी होती.

'ओ सनम'ला मी सगळ्यांच्या वर ठेवते. लकी अली, 'सुनोह', १९९६. त्याचा व्हिडिओही देखणा, इजिप्तच्या पिरॅमिडसमोरचा, आणि पुष्कळांना त्या वाळूचाच रंग आठवतो. पण फितीवर काय आहे? एक गिटार, थोडा ताल, आणि अजिबात न सजवलेला आवाज. लकी अली शास्त्रशुद्ध गायक नाही, सूर काही ठिकाणी काठाकाठानं जातो. त्याचं गाणं चांगलं होतं ते जागा मोकळी सोडल्यामुळे. दोन ओळींच्या मधे तो काही भरत नाही. नव्वदच्या दशकातलं जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डिंग कीबोर्डनं काठोकाठ भरलेलं असताना या माणसानं रिकामी जागा ठेवायचं धाडस केलं. कॅसेटची खरखर त्या रिकाम्या जागेत सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि ऑडॅसिटीत ती काढून टाकायची सोय आहे. मी ती काढली नाही. खरखर काढताना गिटारच्या तारेवरून सरकणाऱ्या बोटाचा आवाजही जातो. दुसऱ्या बाजूलाही तोच ठेहराव शेवटपर्यंत टिकतो. एका हिटच्या जोरावर विकलेली ही कॅसेट नाही.

कलोनियल कझिन्सची, हरिहरन आणि लेस्ली लुईस यांची कॅसेटही १९९६ चीच. तिच्यातल्या 'कृष्णा'मध्ये 'कृष्णा नी बेगने बारो' आहे, व्यासतीर्थांची कन्नड रचना. सांगलीला कन्नड परकी नाही. जतकडची कितीतरी घरं दोन्ही भाषांत बोलतात. आमच्या शेजारच्या अज्जी त्यातल्याच. मी रेकॉर्डिंग करत असताना त्या दळणाचा डबा घेऊन दारात आल्या आणि तिथंच उभ्या राहून पुढचं म्हणायला लागल्या. कॅसेटवर जेवढं आहे त्याच्याही पुढचं. मग आत येऊन बसल्या. "आमच्या आईनं शिकवलं होतं गं हे. चांगलं म्हणतोय हा. मधी इंग्रजी कशाला घातलंय पण?" मी त्यांना म्हटलं, "अज्जी, ते इंग्रजी होतं म्हणून तर हे आमच्या वयाच्या पोरांनी लावलं." मला दोन्ही बाजू दिसतात. गिटारचे कॉर्ड आणि हरिहरनच्या हरकती इतक्या सहज एकत्र नांदतात की त्यानंतरचे बहुतेक 'फ्यूजन' प्रयोग मला जोडकाम वाटतात. इंग्रजी ओळी मात्र आता जुन्या झाल्या आहेत, आणि कन्नड ओळी कितीतरी जुन्या असूनही ताज्या आहेत. अज्जींसाठी ते गाणं त्यांच्या नातवाच्या फोनवर टाकून दिलं.

शुभा मुद्गल यांचं 'अब के सावन', १९९९ चं, संगीत शंतनू मोइत्रा आणि शब्द प्रसून जोशी. चाचांना हे सगळ्यात आवडेल असं मी धरून चालले होते. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "आवाज मोठा आहे, गाणं त्याच्या मापाचं नाही." मला ते पटत नाही. ख्यालाचा विस्तार त्या गाण्याला नकोच होता, त्याला भिजलेला, मोकळा, भरदार गळा हवा होता आणि तो मिळाला. यावर आमचं एकमत झालं नाही.

फाल्गुनी पाठकची गाणी नवरात्रात अजून वाजतात, त्यांना माझ्या मताची गरज नाही. सिल्क रूट या बँडच्या 'डूबा डूबा'त मोहित चौहानचा आवाज तेव्हाच पुरता तयार होता. सिनेमावाल्यांना तो कळायला बरीच वर्षं लागली. केकेचं 'पल', १९९९, हे मात्र घाईनं सोडवत नाही. आवाजात नाटक नाही, निरोपाचं गाणं असून गळा काढलेला नाही. आमच्या कॉलेजात शेवटच्या दिवशी ते वाजलं, महाराष्ट्रातल्या सगळ्याच कॉलेजांत वाजलं असणार. ३१ मे २०२२ ला कोलकात्यात कार्यक्रमानंतर केके गेला. त्याची फीत मी दोनदा उतरवली, एक प्रत जपून ठेवण्यासाठी.

मराठीत त्या दशकाच्या अखेरीस 'गारवा' आला. मिलिंद इंगळे आणि सौमित्र. आधी बोललेली कविता, मग तिच्यातून निघणारं गाणं. दादाची ही कॅसेट इतकी वाजलेली की फितीवरचा लेप जागोजागी पातळ झालाय आणि आवाज आत-बाहेर होतो. मराठी तरुण पोरांना स्वतःच्या भाषेत, सिनेमा आणि नाटकाच्या बाहेर, आपलं म्हणावं असं गाणं त्यानं दिलं. शहरी आणि पावसाळी, कुठंही न नाचणारं. हिंदी इंडिपॉपनं व्हिडिओच्या मदतीनं जे केलं ते यानं नुसत्या शब्दांवर केलं. माझ्या कसोटीला ते पुरेपूर उतरतं, म्हणून लकी अलीच्या शेजारीच त्याची जागा.

आणि शेवटच्या कॅसेटवर सांगलीच होती. आशाबाईंचा जन्म सांगलीतला, १९३३ चा. मास्टर दीनानाथांचं नाव इथल्या नाट्यगृहावर आहे. १९९७ मध्ये, साठी ओलांडलेल्या आशाबाईंनी लेस्ली लुईसबरोबर 'जानम समझा करो' केलं आणि आपल्यापेक्षा कितीतरी लहान गायकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. ती कॅसेट कंपनीची. तिच्यामागे भरून घेतलेली एक निघाली, दादाच्या पुण्याच्या हॉस्टेलमधली, आणि तिच्यावर होतं कॉर्नरशॉप या बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. ब्रिटनमधल्या तेजिंदर सिंगनं आशाबाईंवर लिहिलेलं गाणं. १९९७ मध्ये आलं तेव्हा फारसं चाललं नाही. डीजे नॉर्मन कुकनं त्याचा रिमिक्स केला आणि १९९८ च्या फेब्रुवारीत ते ब्रिटनच्या चार्टवर पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात लताबाईंचं आणि रफींचंही नाव येतं, आणि मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांचं कौतुक.

चाचांनी ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "ही पण चढलीय." यावेळी मी वेग उतरवला नाही. कुकचा रिमिक्स मूळ गाण्यापेक्षा जलदच आहे, तो चढेपणा त्यानं मुद्दाम घातलाय. मग मूळ गाणंही त्यांना ऐकवलं. मूळ संथ आणि थोडं आळसावलेलं आहे, घरात रेडिओ लागलेला असताना सुचल्यासारखं. मला मूळच आवडतं. पण सांगलीत जन्मलेल्या बाईचं नाव परक्या देशातल्या पोरांनी पहिल्या क्रमांकावर नेऊन ठेवलं ते त्या रिमिक्सनं, हे मान्य करते. चाचांना मी त्या गाण्याचा विषय सांगितला तेव्हा ते तंबोरा खाली ठेवून म्हणाले, "परत लाव." परत लावलं.

सगळी गाणी मी दादाला पाठवली, माझ्या क्रमवारीसकट. त्याचा रात्री फोन. "अगं, मेड इन इंडिया मधे कुठंतरी? दार कुणी उघडलं? ती कॅसेट इतकी खपली नसती तर कंपन्यांनी लकी अलीला उभं तरी केलं असतं का?" मी म्हटलं, "दार उघडल्याचा मान वेगळा, दादा. मी गाण्याला मार्क देतेय." तो म्हणाला, ती गाणी बघायचीच होती, व्हिडिओ काढून ऐकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मी म्हटलं, 'ओ सनम'लाही व्हिडिओ होता, आणि तो काढून घेऊनही ते उभं आहे. 'पल' आणि 'गारवा' यांच्यावर आमचं लगेच जुळलं. कॉर्नरशॉपवर अजून चालू आहे. त्याला रिमिक्स वर हवाय, मला मूळ. काल त्यानं दोन्ही परत ऐकायचं कबूल केलंय, हेडफोन लावून, मधे न थांबता.